एका हाताने उचललेलं जातं

"एक, दोन, तीन... उचल!" विनीत ओरडला.

त्याने आणि राजरत्नने दोन्ही बाजूंनी सगळा जोर लावला आणि पुढच्याच क्षणी राजरत्न मागच्या तांदळाच्या पिंपावर जाऊन आदळला! विनीत दाराच्या चौकटीवर आपटला. गोधडीत बांधलेलं जातं दोघांच्या डोक्यांच्याही वर गेलं होतं!

"अरे, हे जातं आहे की पापडाचा डबा?" राजरत्न डोकं चोळत म्हणाला.

"गेल्या वर्षी हेच उचलताना माझ्या कंबरेत उसण भरली होती," विनीत म्हणाला.

"उसण नव्हती भरली. तू अभ्यास टाळत होतास," त्याची धाकटी बहीण मधु म्हणाली. मधुला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नसे. खाण्याच्या गोष्टी सोडून.

हे चाललं होतं बदलापूरच्या कात्रप भागात, रखमाआजींच्या गॅलरीत. रखमाआजी विनीत-मधुच्या शेजारी राहायच्या. राजरत्न खालच्या मजल्यावर. आणि दारात, हातात मोबाईल धरून उभी होती ती शलाका, विनीतची मावसबहीण. मे महिन्याच्या सुट्टीत ती नाशिकहून पहिल्यांदाच बदलापूरला आली होती आणि येतानाच बघायच्या ठिकाणांचा सगळा बेत आखून आली होती. आज अंबरनाथचं शिवमंदिर, उद्या बारवी धरण, परवा कोंडेश्वर! तिघांनी तिचं नाव 'टुरिस्ट' ठेवून टाकलं होतं.

"आटपा ना लवकर! देवळात जायचंय," ती म्हणाली. "एका दगडासाठी किती वेळ?"

"एका दगडासाठी?" विनीतला रागच आला. "टुरिस्ट, हे साधंसुधं जातं नाही!"

आणि ते खरंच होतं. कात्रपच्या फ्लॅटांमध्ये मिक्सर घरोघरी, पण जातं? अख्ख्या गल्लीत एकच! लग्न ठरलं की हळद दळायला जातं लागतंच. मग लोक रखमाआजींच्या दारात हजर. जातं चाललं कुळगावला, जातं चाललं अंबरनाथला. लग्नसराईत ते घरी कमी आणि बाहेरच जास्त असायचं. गल्लीतल्या कितीतरी मुलींची हळद त्या जात्यावर दळली होती. आणि उद्या सकाळी खुद्द आजींच्या नातीची, संजीवनीताईची हळद होती! आजी गेला महिनाभर दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, "सगळ्यांच्या पोरींची झाली, आता माझ्या संजीची!" आत्ता त्या हळकुंडं आणायला बाजारात गेल्या होत्या आणि जातं हॉलमध्ये आणून ठेवायचं काम या चौघांना देऊन गेल्या होत्या.

शलाकाने पुढे होऊन गोधडी सोडली. आत जातं होतं. करडं, गोल, अगदी जात्यासारखं जातं. तिने त्यावर बोटाने वाजवून बघितलं. टक टक! आवाज पोकळ आला. कडेचा एक टवका उडाला होता आणि आत पांढरंशुभ्र दिसत होतं.

"हे फायबर आहे," शलाका म्हणाली.

"आणि आमचा खुंटा कुठाय?" मधु किंचाळली.

आजींच्या जात्याचा खुंटा मागे कधीतरी मोडला होता. तेव्हा विनीतच्या मोडक्या बॅटची मूठ कापून त्यात ठोकली होती, हिरव्या रबरासकट! या जात्याला मात्र गुळगुळीत लाकडी खुंटा होता.

जातं बदललं होतं! आणि हळद होती उद्या!

"शेवटी ते अंबरनाथच्या लग्नाला गेलं होतं ना? तिथून परत कोणी आणलं?" राजरत्नने विचारलं.

"हिंदुरावकाकांनी!" विनीत आणि मधु एकदमच म्हणाले.

हिंदुरावकाका दुसऱ्या मजल्यावर राहायचे. नुकतीच त्यांनी व्यायामशाळा लावली होती आणि ती लावल्याचं सगळ्या सोसायटीला रोज समजत होतं. चौघांनी त्यांचं दार वाजवलं.

"जातं ना? मीच आणलं!" काका बाही सरसावून म्हणाले. "स्कूटरवर ठेवलं, आणि इथे एका हाताने उचलून जिना चढलो. एका हाताने! दम लागला नाही की काही नाही. याला म्हणतात व्यायाम!"

"काका, ते फायबरचं आहे," शलाका म्हणाली.

काकांची बाही हळूहळू खाली आली. "म्हणजे... माझे दंड?"

"दंड होते तेवढेच आहेत. जातं बदललंय," मधु म्हणाली.

काका घाबरून इकडेतिकडे बघू लागले. "हे बघा, आरडाओरडा करू नका. हळद आपण मिक्सरमधून काढू आणि गुपचूप या जात्याखाली पसरून ठेवू. म्हातारीला काय कळणार?"

"आजींना कळणार नाही?" विनीत म्हणाला. "पूजेच्या वेळी जात्याला हात लावला की लगेच कळेल! आणि सगळ्या पाहुण्यांसमोर!"

आजींचा तेव्हाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. बाकीच्यांच्याही आला असणार.

"अंबरनाथचं लग्न माझ्या आत्याच्या बिल्डिंगमध्येच होतं," राजरत्न म्हणाला. "चला तिच्याकडे!"

विनीतच्या आईला "यशोधराआत्याकडे जाऊन येतो, तिथून फोन करतो" असं सांगून चौघं निघाले. खोटं जातं गोणीत घालून विनीतने खांद्यावर टाकलं.

"म्हणजे अंबरनाथला जातोच आहोत!" शलाकाला तेवढ्यातही आनंद झाला. "देऊळ वाटेत लागेल ना?"

शेअर रिक्षात बसल्यावर मात्र तिला राहवेना. "ही निघत का नाही?"

"भरली की निघेल," राजरत्न म्हणाला.

"भरली आहे की! आपण चौघं आहोत!"

"आपण चौघं म्हणजे मोठी दोन माणसं. मधुला तर धरतच नाहीत." असं म्हणेपर्यंत दोन काकू, एक पिशवी आणि एक कलिंगड आत आलं. कलिंगड शलाकाच्या मांडीवर बसलं. अंबरनाथ येईपर्यंत काकूंनी तिचं नाव, गाव, शाळा आणि कलिंगड पिकलंय की नाही ते कसं ओळखायचं, सगळं आटोपून टाकलं.

यशोधराआत्या एका कारखान्यात कामाला होत्या. आज सुट्टी असल्याने घरीच होत्या. राजरत्न सांगायला लागला, "आत्या, एक मोठा घोटाळा झालाय! ते जातं..."

तेवढ्यात जिन्यातून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!"

झालं! आत्यांनी चौघांच्या हातात एकेक बादली दिली. "घोटाळा नंतर! आधी पिंप भरा!"

"अहो पण आत्या, उद्या हळद आहे!" शलाका म्हणाली.

"अगं पोरी, हळद उद्या आहे. पाणी आत्ता जाईल!"

शलाका आयुष्यात पहिल्यांदा बादल्या घेऊन पळाली. पहिल्या बादलीतलं अर्धं पाणी तिच्या चपलांनी प्यायलं. दुसरीच्या वेळी शेजारच्या आजोबांनी तिला सांगितलं, "बादलीत ताटली टाक, पाणी हिंदकळत नाही." तिने टाकली, आणि खरंच एक थेंब सांडला नाही! पिंप भरलं, हंडे भरले, शेजारच्या आजोबांचंही भरून झालं. मग कुठे आत्यांनी पोह्यांच्या बश्या पुढे ठेवल्या आणि त्या म्हणाल्या, "हं, आता सांगा."

सगळं ऐकल्यावर त्यांनी मोबाईलमध्ये लग्नाचा व्हिडिओ लावला. मांडवाच्या कोपऱ्यात फोटो काढायला खोटं खेडं उभं केलं होतं. बैल, विहीर, तुळशीवृंदावन आणि एक जातं.

"हे बघा, हळद दळून झाली," आत्या म्हणाल्या. "आता नवरीला त्या कोपऱ्यात फोटो काढायचा होता, म्हणून खरं जातं तिकडे नेलं."

"थांबा, थांबा! मागे घ्या!" शलाका ओरडली. "ती बघा हिरवी मूठ! दोन्ही जाती शेजारीशेजारी ठेवली आहेत!"

"आणि मांडव उतरवताना कोणीतरी गोधडी बांधली, ती भलत्याच जात्याला," राजरत्न म्हणाला. "आपलं जातं डेकोरेटरच्या टेम्पोत गेलं!"

"डेकोरेटर जितेशभाई. उल्हासनगर, पाच नंबर कॅम्प," आत्या म्हणाल्या. विनीतच्या आईला फोन करून त्यांनीच परवानगी मिळवली.

रिक्षा उल्हासनगरकडे वळली तेव्हा शलाकाने एकदाच विचारलं, "देऊळ कुठल्या बाजूला राहिलं?"

"मागे," विनीत म्हणाला. शलाका पुढे बघायला लागली.

पाच नंबर कॅम्पातल्या त्या गल्लीत शिवलेल्या जीन्सचे ढीग मधुच्या उंचीचे होते. ओट्यांवर बायका गप्पा मारत जीन्सचे सुटे धागे कापत होत्या. चौघांनी पत्ता विचारला तर एकीने कात्रीनेच दिशा दाखवली.

जितेशभाईंच्या गोदामात एक हत्ती, दोन मोर आणि अर्धा किल्ला होता. मध्ये टेबल, आणि टेबलामागे जितेशभाई.

"अंकल, आमचं जातं..." विनीतने सुरुवात केली.

"पहले बैठो, बेटा!" जितेशभाईंनी हाक दिली, आणि आतून पाणी आणि भाजलेले पापड आले. "पहले पानी, पापड. बात बाद में. घर आये मेहमान को पापड खिलाये बिना हम सिंधी लोग बात नहीं करते."

मधुला ही पद्धत अतिशय आवडली. तिने दोन पापड खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघू लागली.

"हं, बोलो. काय हरवलं?"

"अंकल, तुम्हारे आदमी लोग हमारी चक्की उठा के ले गये," राजरत्न म्हणाला.

"हो ही नहीं सकता!" जितेशभाई हसले. "मेरा माल मोजून जातो, मोजून येतो. त्या शादीत एक चक्की गई थी, एक चक्की वापस आयी. हिसाब बरोबर!"

विनीतने गोणी उलटी केली. फायबरचं जातं टेबलावर टुणकन उडालं.

"मग ही कोणाची?"

जितेशभाईंचं हसू थांबलं. त्यांनी जातं उचललं, टवका बघितला, कपाळावर हात मारला. "अरे साईं! ही तर आमची! म्हणूनच पोरं बोलत होती, सेठ, ये चक्की भारी क्यूँ हो गयी. मला वाटलं, कामचोर आहेत!"

"आमची कुठाय?"

"शहाडच्या हॉलमध्ये. गावाचा सेट लावलाय तिथे. सोमवारी उतरेल, तेव्हा पाठवतो."

"सोमवारी?" चौघं एकदम ओरडले. "उद्या सकाळी हळद आहे!"

राजरत्नने रखमाआजींची सगळी गोष्ट सांगितली. ऐकताना जितेशभाईंनी पापड खाली ठेवला. त्यांनी लगेच हॉलच्या मॅनेजरला फोन लावला, पण तिकडून इतका मोठा आवाज आला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"नाही म्हणतो. प्रोग्राम चालू आहे, एक भी चीज़ हिलेगी नहीं. वो मेरा कायम का ग्राहक है, बेटा, मी भांडू नाही शकत." मग ते थोडे पुढे झुकले. "पण माझा टेम्पो शहाडला जातोच आहे. तुम्हाला तिथे सोडतो, आणि बाहेर थांबतो. मनवायचं काम तुमचं!"

हॉलच्या दारावर मोठी पाटी होती : 'एक दिवस अस्सल गावात! गावकऱ्यांसारखं जगा!'

"जितेशभाईंकडून जातं आणलंय," विनीतने दारावर सांगितलं. ते तर खरंच होतं! वॉचमनने सोडलं.

आत एसी चालू होता आणि स्पीकरवर कोंबडा आरवत होता. मुंबईहून आलेली मंडळी बैलांबरोबर सेल्फी काढत होती. मॅनेजर स्वतः फेटा बांधून, कानात इअरफोन घालून सगळ्यांना माहिती देत होते. "ही विहीर बघा! अस्सल! आणि हे जातं, दोनशे वर्षांपूर्वीचं! कोकणातल्या एका दुर्गम खेड्यातून आणलेलं!"

पाटावर आजींचं जातं होतं. हिरव्या मुठीसकट! मधु धावतच सुटणार होती, पण शलाकाने तिचा फ्रॉक धरला.

"दोनशे वर्षांपूर्वी बॅटी होत्या का हो काका?" तिने अगदी निरागसपणे विचारलं. "खुंट्याला बॅटची मूठ आहे!"

मंडळी हसली. मॅनेजर खाकरले. "कोण तुम्ही? तिकीट कुठाय?"

शलाका त्यांच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "काका, हे जातं कात्रपच्या रखमाआजींचं आहे. चुकून इथे आलंय. तुमचं आम्ही आणलंय, या गोणीत आहे. बदलून घ्या ना."

"कशावरून? काही हलवायचं नाही. निघा!"

"बरं," शलाका म्हणाली आणि एकदम आवाज चढवला. "मंडळी, जात्यावर दळलेलं कोणाकोणाला बघायचंय?"

"आम्हाला! आम्हाला!" सगळे गोळा झाले. मॅनेजरांना नाही म्हणता येईना. सजावटीच्या सुपात गहू होतेच. मधुने मूठभर जात्यात टाकले, राजरत्न आणि विनीत समोरासमोर बसले आणि जातं फिरू लागलं. घर्रर्र! कडेने पांढरं पीठ पडू लागलं.

"अय्या, खरंच पीठ आलं!" एक बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "इथली ही पहिलीच गोष्ट खरी निघाली!"

"बैल पण खरा आहे का?" एका लहान मुलाने विचारलं आणि बैलाचं शिंग ओढून बघितलं. मॅनेजरांनी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"विहिरीतून पाणी काढून दाखवा ना!" कोणीतरी म्हणालं.

मॅनेजरांच्या फेट्याखालून घाम गळू लागला. शलाकाने गोणीचं तोंड सोडलं. "काका, आता या जात्यावर पण सगळ्यांसमोर दळून बघूया? कोणतं आजींचं आणि कोणतं तुमचं, ते आपोआप कळेल!"

"नको! नको!" मॅनेजरांनी गोणी घट्ट धरली. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "न्या तुमचं जातं. पण आत्ताच्या आत्ता! आणि माझं पडद्याआडून ठेवा!"

खरं जातं उचलताना विनीतचा चेहरा लाल झाला, राजरत्नचे डोळे बाहेर आले, आणि दोघांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही! शेवटी टाळ्या वाजवणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या मुलाने हात लावला, तेव्हा ते टेम्पोत चढलं.

"उद्या यावर लग्नाची हळद दळायची?" बाई म्हणाल्या. "किती छान! आम्हाला असंच काहीतरी बघायचं होतं बघ."

"मग अंबरनाथला यशोधराआत्याकडे जा," मधु म्हणाली. "पाणी भरायला माणसं लागतातच!"

टेम्पोत मागे चौघं जात्याला घेरून बसले. अंबरनाथ आल्यावर जितेशभाईंनी वेग कमी केला. "मघाशी येताना देवळाबद्दल ही बेटी विचारत होती ना? थोडं वळून जाऊ? बाहेरगावचा पाहुणा आहे."

तिघांनी शलाकाकडे पाहिलं.

"नको, अंकल," ती म्हणाली. "आजी वाट बघत असतील. देऊळ कुठे पळून जातंय?"

आजी खरंच वाट बघत होत्या, पण कशाची ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. गॅलरी रिकामी दिसल्यावर त्यांनी विचारलं होतं, आणि हिंदुरावकाकांनी न राहवून सगळं कबूल केलं होतं. संजीवनीताई म्हणत होती, "जाऊ दे गं आजी, मिक्सरची चालेल मला." पण आजी गेटजवळच्या कट्ट्यावरच बसून होत्या. हातातली हळकुंडांची पुडीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नव्हती.

टेम्पो थांबला. मागचा फाळका उघडला. आजी उठल्या, टेम्पोजवळ आल्या आणि त्यांनी हिरव्या मुठीवर हात ठेवला. मग दगडावर ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "माझंच आहे." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पदराने पुसून त्या लगेच ओरडल्या, "आणि मला न सांगता गेलात? उपाशीतापाशी?"

"पोहे खाल्ले, पापड खाल्ले," मधु म्हणाली. "पण अजून जागा आहे."

"सरका, सरका!" हिंदुरावकाका पुढे आले. त्यांनी जात्याला हात घातला आणि जोर लावला. मग दुसरा हातही लावला. मग जितेशभाईंना हाक मारली. जितेशभाईंना उद्याच्या हळदीचं आमंत्रण मिळालं, तेही आजींनी पापड-पाणी देऊन!

दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याला हळदकुंकू लागलं, आंब्याची डहाळी बांधली गेली. बायका पुढे सरसावल्या, तशा आजी म्हणाल्या, "थांबा. पहिली मूठ ही चौघं दळणार."

"पोरगे? हळदीला?" एक काकू म्हणाल्या. "असं कुठे असतं का?"

"आमच्याकडे असतं," आजी म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीतल्या मोठ्या माणसांना जे जमलं नाही, ते या पोरांनी केलं. नाहीतर आज माझ्या संजीला मिक्सरची हळद लागली असती."

हिंदुरावकाका छताकडे बघू लागले.

दोघं दोघं मिळून दळायचं ठरलं. शलाका आणि राजरत्न समोरासमोर बसले. आजी हळकुंडांचे तुकडे टाकत होत्या आणि जुन्या ओव्या गात होत्या. संजीवनीताई शेजारीच बसली होती. पिवळीधमक हळद कडेने पडू लागली आणि खोलीभर तिचा वास पसरला.

नवऱ्याकडून आलेल्या एक आजीबाई बराच वेळ शलाकाकडे बघत होत्या. "छान दळते हो," त्या म्हणाल्या. "ही कुणाची मुलगी?"

"आमच्या गल्लीतली आहे," रखमाआजी म्हणाल्या आणि पुढचे तुकडे जात्यात टाकले.

शलाकाने नाशिकचं नाव सांगायला तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं, हात घट्ट केला आणि ती दळत राहिली.